जड धातू, काळी माती आणि झाडांकडून ठेवायची अपेक्षा

मुळा-मुठा पुणे शहर ओलांडून मांजरी, थेऊर, उरुळी कांचनच्या बाजूला वळते तेव्हा तिच्यात शहराचे सांडपाणी मिसळलेले असते. काही प्रक्रिया झालेले, काही तसेच सोडलेले. मुंढव्याच्या जॅकवेलमधून उचललेले पाणी बेबी कालव्यातून हवेली आणि दौंड तालुक्यांच्या शेतीला दिले जाते. खडकवासला धरणाचे पाणी शहराने प्यावे आणि त्या बदल्यात वर्षाला ६.५ टीएमसी प्रक्रिया केलेले पाणी शेतीला द्यावे, अशी ती व्यवस्था आहे. या पाण्यात नत्र-स्फुरद असते, त्यामुळे ऊस आणि पालेभाजी जोमाने येते आणि शेतकऱ्याला ते हवेसेही वाटते. पण शहराच्या पाण्यातून केवळ मैला येत नाही. भोसरी-चिंचवडच्या पट्ट्यात प्लेटिंगची शेकडो कामे चालतात. निकेल, क्रोमियम, जस्त हा त्यांचा रोजचा माल. त्याचे धुवण पवनेत गेले तर दापोडीला ते मुळेत येते. बॅटरी, भंगार, रंग आणि रस्त्यावरची धूळ यांतून शिसे आणि कॅडमियम येते. मैला कुजतो, बहुतेक कीटकनाशकेही कालांतराने विघटित होतात. शिसे मात्र शिसेच राहते. सांडपाणी प्रकल्पात धातू नाहीसे होत नाहीत, त्यातला बराच भाग गाळात बसतो आणि तो गाळ खत म्हणून शेतात गेला की धातूही शेतात जातात. देशात शिसेयुक्त पेट्रोलची विक्री २००० साली थांबली, तरी त्याआधीच्या धुरातले शिसे जुन्या रस्त्यांकडेच्या मातीच्या वरच्या थरात अजून टिकून असते. अशा जमिनीचे करायचे काय, या प्रश्नाला अलीकडे एक लोभस उत्तर दिले जाते: झाडे लावा, ती धातू शोषून घेतील. हे उत्तर निम्मे खरे आहे. कोणते निम्मे खरे, हे पुण्याच्या मातीपुरते तरी नीट तपासायला हवे, कारण चुकीच्या निम्म्यावर विसंबलो तर पैसा जाईल, वर्षे जातील आणि धातू ताटापर्यंत येत राहतील.

कल्पनेला पक्का शास्त्रीय आधार आहे. काही वनस्पती धातूंनी भरलेल्या जमिनीत केवळ तग धरत नाहीत, तर ते धातू पानांत साठवतात. न्यू कॅलेडोनिया बेटावरच्या एका झाडाचा चीक निकेलमुळे निळसर हिरवा असतो; तो वाळवला तर त्याच्या वजनाच्या सुमारे चौथा हिस्सा निकेल भरते, हे १९७६ साली प्रसिद्ध झाले. आज अशा सातशेहून अधिक अतिसंचयी वनस्पती माहीत आहेत, पण त्यांतल्या बहुसंख्य फक्त निकेल साठवतात. कॅडमियम आणि जस्त साठवणारी युरोपातली नोक्सिया ही रोपे वीतभर उंचीची आणि थंड हवामानातली. आर्सेनिकसाठी २००१ साली फ्लोरिडातल्या एका जुन्या लाकूड-प्रक्रिया केंद्राच्या आवारात टेरिस व्हिट्टाटा हे नेचे सापडले. हे नेचे आपल्याला परके नाही. सह्याद्रीत ते आहे आणि चुन्यात बांधलेल्या जुन्या भिंतींच्या सांध्यांतून पावसाळ्यात त्याची लांबट पाने बाहेर येतात. चीनमध्ये खाणीच्या गाळाने बिघडलेल्या शेतांवर त्याची लागवड करून आर्सेनिक उतरवण्याचे कामही झाले. अल्बानियात निकेलयुक्त खडकाळ जमिनीवर एका पिवळ्या फुलांच्या रोपाची शेती करून हेक्टरी शंभर किलोच्या आसपास निकेल काढता येते, हे प्रयोगांत दिसले आहे. म्हणजे झाड धातू उचलते का, हा प्रश्न सुटलेला आहे. कोणता धातू, कोणत्या मातीतून, किती वेगाने, हा प्रश्न सुटायचा आहे.

वेगाचा हिशेब कोणालाही मांडता येईल. एक एकर जमिनीची वरची २० सेंटिमीटर माती घेतली तर तिचे वजन साधारण १००० टन भरते. समजा त्या मातीत किलोला ५०० मिलिग्रॅम शिसे आहे आणि ते ३०० वर आणायचे आहे. म्हणजे एकरातून २०० किलो शिसे बाहेर काढायचे. मोहरीचे पीक घेतले, सगळा पालापाचोळा धरून वाळलेला माल उदारपणे ४ टन मानला आणि त्यात किलोला ५० मिलिग्रॅम शिसे उतरले असे धरले, तर एका पिकाने २०० ग्रॅम शिसे निघाले. २०० किलोसाठी अशी १००० पिके लागतील. वर्षाला दोन पिके घेतली तरी ५०० वर्षे. झाड अतिसंचयी म्हणवण्याइतके, म्हणजे किलोला १००० मिलिग्रॅम शिसे साठवणारे मिळाले आणि तेही तितक्याच जोमाने वाढले, तरी ५० पिके. कॅडमियमचे गणित थोडे सुसह्य आहे, कारण ते मुळातच कमी असते: ५ मिलिग्रॅमवरून २ वर आणायला एकरी ३ किलो. पण किलोला १० मिलिग्रॅम साठवणाऱ्या पिकाची त्यासाठीही ७५ पिके लागतात. हे आकडे उदाहरणापुरते आहेत. प्रत्येक शेताचे वेगळे निघतील. तरीही, ‘दोन-तीन हंगामांत जमीन साफ’ असे कोणी सांगू लागले तर त्याला हाच हिशेब कागदावर मांडायला सांगावा. शिवाय या हिशेबात नव्या धातूंची आवक शून्य धरली आहे. कालव्यातून, गाळखतातून, अगदी स्फुरदयुक्त खतांतल्या कॅडमियमच्या अंशातूनही भर पडत असेल, तर झाड जितके काढते त्याहून अधिक आपण ओतत असू.

वेग वाढवायचे प्रयत्न झालेच नाहीत असे नाही. १९९०च्या दशकात अमेरिकेत मोहरीच्या मातीत ईडीटीए हे रसायन घालून शिसे सुटे करण्यात आले आणि पानांतले शिसे एकदम कितीतरी पटींनी वाढले. त्यावर कंपन्या निघाल्या, आशा वाढल्या. पुढे लक्षात आले की सुटे झालेले सगळे शिसे झाडाच्या वाट्याला जात नाही. उरलेले पाण्याबरोबर खाली उतरते आणि ईडीटीए स्वतः मातीत दीर्घकाळ टिकते. विहिरींवर जगणाऱ्या हवेली-दौंडच्या पट्ट्यात हा उपाय रोगापेक्षा वाईट ठरेल. आपल्याकडे चार महिन्यांत वर्षभराचा बहुतेक पाऊस पडतो आणि त्या पाण्याबरोबर सुटे केलेले शिसे कुठे जाईल, यावर कोणाचाही ताबा राहणार नाही.

पुण्याच्या मातीचा स्वभावही इथे निर्णायक आहे. ही माती दख्खनच्या बसाल्टची झीज होऊन बनली. तिच्यात चिकणमाती भरपूर, तीही फुगणारी-आकसणारी, विद्युतभारित कणांची; तिच्यात चुनखडी असते आणि सामू बहुधा साडेसातच्या वर. या तिन्ही गोष्टी शिसे, कॅडमियम, जस्त, निकेल यांना घट्ट धरून ठेवतात. महाराष्ट्रातले शेतकरी झिंक सल्फेटची पोती टाकतात याचे कारणही हेच: मातीत जस्त असते, पण पिकाला सुटत नाही. मग याच मातीतून धातू उपसून काढायचे झाले तर माती झाडाला साथ देणार नाही. आम्लधर्मी लाल मातीत किंवा युरोपातल्या रेताड मातीत झालेले प्रयोग जसेच्या तसे थेऊरच्या रानात लागू होत नाहीत. पण याच गुणाची दुसरी बाजू दिलासा देणारी आहे. जी माती धातू सोडत नाही, ती ते पिकालाही सहज देत नाही. मातीतला एकूण धातू आणि पिकाला उपलब्ध होणारा धातू यांत इथे मोठे अंतर असते आणि धोका दुसऱ्या आकड्यावर ठरतो. त्याचबरोबर बसाल्टमध्ये तांबे, निकेल, क्रोमियम मुळातच जास्त असते. शहरी कंपोस्टसाठीच्या आपल्या मानकांत क्रोमियम आणि निकेलची मर्यादा किलोला ५० मिलिग्रॅम आहे. कारखान्याचा थेंबही न पोहोचलेल्या काळ्या मातीतही याहून जास्त क्रोमियम सापडू शकते. म्हणून अशी ठरावीक मर्यादा समोर ठेवून दख्खनची अख्खी जमीन दूषित ठरवणे जितके चूक, तितकेच ‘हे तर नैसर्गिकच आहे’ म्हणून प्लेटिंगच्या नाल्याकाठची जमीन सोडून देणे चूक. नैसर्गिक पातळी कोणती आणि भर किती, हे शेजारच्या अबाधित शेताशी तुलना करूनच कळते.

या दिलाशाला एक अपवाद आहे आणि पिंपरी-चिंचवडच्या दृष्टीने तो महत्त्वाचा आहे. प्लेटिंगमधले सहा संयुजेचे क्रोमियम मातीच्या कणांना शिसे-जस्तासारखे चिकटत नाही. त्याचा भार उलट्या जातीचा असतो. अल्कधर्मी मातीत ते उलट अधिक मोकळे फिरते आणि विहिरीपर्यंत पोहोचते. आर्सेनिकचीही गत थोडीफार अशीच. सहा संयुजेचे क्रोमियम कर्करोगकारक आहे, तीन संयुजेचे त्या मानाने फारच कमी घातक आणि जवळजवळ अचल. पहिल्याचे दुसऱ्यात रूपांतर करायला सेंद्रिय पदार्थ आणि मातीतले जिवाणू मदत करतात. इथे शेणखत, कंपोस्ट आणि दाट मुळांची झाडे खरोखर कामाची ठरतात, पण ती क्रोमियम शोषतात म्हणून नव्हे. बहुतेक वनस्पती क्रोमियम मुळांतच अडकवून ठेवतात, पानांत जवळजवळ चढवत नाहीत. मुळांभोवतीचे सजीव जग त्याचे रूप बदलते, हे त्यांचे खरे काम.

झाडाकडून धातू बाहेर काढण्याची अपेक्षा सोडून धातू जागीच बांधून ठेवण्याची अपेक्षा करावी, असे माझे मत या सगळ्यातून बनते. अपेक्षा लहान वाटते, पण तिचा परिणाम मोठा आहे आणि तिचा उत्तम दाखला महाराष्ट्रातच आहे. नागपूर जिल्ह्यात गुमगावच्या मँगनीज खाणीबाहेर टाकाऊ दगडमातीचे ढिगारे होते. त्यांवर गवतही धरत नव्हते. नागपूरच्या ‘नीरी’ या पर्यावरण संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी तिथे खड्ड्यांत साखर कारखान्याचा प्रेसमड घातला, मुळांशी जगणारी बुरशी आणि नत्र धरणारे जिवाणू दिले आणि साग, शिसव यांसारखी झाडे लावली. उजाड ढिगाऱ्यावर रान उभे राहिले. मँगनीज तिथून कोणी काढून नेले नाही. ते उडायचे आणि वाहायचे थांबले. धातूचा माणसापर्यंतचा प्रवास धुळीतून, वाहत्या पाण्यातून आणि अन्नातून होतो. शिशाच्या बाबतीत तर लहान मुलांच्या पोटात जाणारी धूळ हीच मुख्य वाट. पुण्यात एप्रिल-मेमध्ये मोकळी जमीन वाऱ्यावर उडते आणि जूनच्या पहिल्या सरीत तीच नाल्यात उतरते. भंगाराच्या गोदामांखालची, बंद कारखान्यांच्या आवारांतली, कचरा डेपोच्या कडेची जमीन बारमाही झाकलेली राहिली, तर धोक्याचा मोठा हिस्सा तिथेच अडतो. यासाठी खोल मुळांचा वाळा, बांबू, करंज, कडुनिंब ही आपलीच झाडे पुरेशी आहेत. परदेशी अतिसंचयी बियाणे मागवायची गरज नाही.

उरुळी देवाची-फुरसुंगीचा १६३ एकरांचा कचरा डेपो हे याचे शहरातले सर्वांत मोठे प्रकरण. नव्वदच्या दशकापासून तिथे पुण्याचा कचरा साचला. कचऱ्यातून झिरपणाऱ्या लीचेटने विहिरी बिघडल्या आणि गावकऱ्यांनी वर्षानुवर्षे आंदोलने केली. अलीकडे जुना कचरा बायोमायनिंगने चाळून वेगळा केला जातो. चाळणीखाली येणारी काळी, भुसभुशीत माती पाहायला उत्तम खतासारखी दिसते आणि इथेच सावध राहायला हवे. बॅटऱ्या, रंग, इलेक्ट्रॉनिक भंगार या सगळ्यांचा चुरा ज्या थरात बारीक होऊन उतरतो, तोच हा थर. शहरी कंपोस्टसाठी शिशाची मर्यादा किलोला १०० मिलिग्रॅम आणि कॅडमियमची ५ आहे. प्रत्येक खेप तपासल्याशिवाय ही माती कोणत्याही भाजीच्या शेतात जाता कामा नये. ती डेपोच्याच जागेवर, झाडांखाली आच्छादनासाठी वापरावी, म्हणजे धातू जिथे आहेत तिथेच राहतील. धरणांतला गाळ शेतात नेण्याच्या राज्याच्या योजनेलाही हेच लागू. खडकवासल्याच्या वरच्या बाजूचा गाळ शेताला वरदान ठरतो. शहराच्या सांडपाण्याखालच्या तळ्यातला किंवा नदीपात्रातला गाळ तपासणीविना शेतात टाकणे धोक्याचे.

ज्या जमिनीवर आज शेती चालू आहे तिथे प्रश्न वेगळा आहे, कारण मालकाला पोट आहे. अशा ठिकाणी काय लावायचे नाही, हे आधी ठरवावे. पालक, चाकवत, मेथी, कोथिंबीर, मुळा अशा पानांच्या आणि कंदांच्या भाज्या कॅडमियम सहज उचलतात; धान्यात आणि फळभाज्यांत ते कमी उतरते. पालेभाजीतल्या कॅडमियमची आंतरराष्ट्रीय कोडेक्स मर्यादा किलोला ०.२ मिलिग्रॅम आहे. इथे घरातल्या गृहिणीला उपयोगी पडेल असा एक फरक सांगायला हवा: पानांवरचे शिसे बरेचसे धुळीचे असते, भाजी तीन-चार पाण्यांत धुतली तर ते मोठ्या प्रमाणात जाते. कॅडमियम पानाच्या आत असते, धुऊन जात नाही. म्हणून ते शेतातच रोखायला हवे. जस्ताची कमतरता असलेल्या जमिनीत पीक जस्ताच्या शोधात कॅडमियमही ओढून घेते, तेव्हा झिंक सल्फेटची योग्य मात्रा इथे दुहेरी उपयोगाची. आणि जिथे तपासणीत आकडे खरोखर जास्त येतील तिथे खाण्याचे पीक थांबवून फुले घ्यावीत. झेंडू, शेवंती, गुलछडी यांची या पट्ट्याला सवय आहे, पुण्याचा फूलबाजार दारात आहे. रोशा गवत आणि वाळा यांचे ऊर्ध्वपातनाने तेल काढले तर धातू गवताच्या चोथ्यातच राहतात, तेलात उतरत नाहीत. खानदेशात रोशा तेलाचा धंदा जुना आहे. एरंड हाही पर्याय आहे. मात्र चोथा किंवा निर्माल्याचे कंपोस्ट होऊन ते पुन्हा भाजीच्या वाफ्यात जाणार नाही, याची व्यवस्था लागेल, नाहीतर सगळी मेहनत गोल फिरून तिथेच येईल.

नदी-तलावांतली जलपर्णी हे या गोल फिरण्याचे उदाहरण डोळ्यांसमोर आहे. तिची मुळे पाण्यातले धातू खरोखर धरतात. या गुणावर कितीतरी शोधनिबंध निघाले. पण दर उन्हाळ्यात मुळा-मुठेतून किंवा पाषाण तलावातून उपसलेली जलपर्णी काठावर रचून ठेवली तर पहिल्या पावसात ती कुजून परत पाण्यात उतरते. झाडाने काम केले, आपण ते मोडले. नाल्यांवर कर्दळ, पाणकणीस लावून पाणी गाळण्याच्या पद्धतींचेही असेच आहे. सेंद्रिय घाण त्या चांगली कमी करतात, पण धातू तळाच्या चिखलात बसतात आणि तो चिखल ठरावीक काळाने काढून योग्य जागी नेला नाही तर पुराबरोबर तो खालच्या गावांत पोहोचतो. पुणे जिल्ह्यात घातक कचऱ्यासाठी रांजणगावला केंद्र आहे. धातू साठवलेला पाला, मुळे, चिखल तिथपर्यंत न्यायचा वाहतूकखर्च आणि विल्हेवाटीचा खर्च कोणत्याही वनस्पती-शुद्धीकरण प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात पहिल्या पानावर हवा. जो प्रस्ताव ‘कापणीनंतर काय’ याबद्दल गप्प आहे, तो मंजूर करू नये.

यावर पहिला आक्षेप असा येईल की धातू जमिनीतच ठेवणे म्हणजे दुखणे झाकणे. आक्षेपात तथ्य आहे. सामू उतरला, पाणी साचले, जमीन खणली, तर बांधलेला धातू सुटू शकतो. पण ‘माती काढून टाका’ हा पर्याय पुण्यात प्रत्यक्षात कसा राबतो ते पाहावे: जुन्या कारखान्याच्या जागी गृहसंकुल येते, दोन मजली तळघरासाठी माती खणली जाते आणि तिचे डंपर रात्री शहराबाहेरच्या एखाद्या ओढ्याकाठी रिकामे होतात. धातू नाहीसा झाला नाही, गरिबाच्या शिवारात गेला. म्हणून बांधून ठेवण्याबरोबर नोंद अनिवार्य हवी. सातबाऱ्यावर ‘इतर हक्क’ या रकान्यात बोजा लागतो, संपादनाचा शेरा लागतो. तशीच दूषित जमिनीची आणि तिथली माती हलवण्यावरच्या बंधनाची नोंद लागावी. दुसरा आक्षेप शेतकऱ्याचा, आणि तो मला सर्वांत वजनदार वाटतो: शेरा लागला की भाव पडेल, भाजी बाजारात कोणी घेणार नाही, शिक्षा होईल ती प्रदूषण न करणाऱ्याला. म्हणूनच नोंद आणि भरपाई एकाच आदेशात हवी. केंद्राने २०२५च्या जुलैमध्ये दूषित स्थळांच्या व्यवस्थापनाचे नियम काढले. तपासणीचे टप्पे, जबाबदारी निश्चित करणे आणि प्रदूषण करणाऱ्याकडून खर्च वसूल करणे यांची चौकट त्यांत आहे. पीक बदलण्याचा तोटाही त्या खर्चात धरावा, असा आग्रह महाराष्ट्राने धरायला हवा. जनुकबदल करून जलद वाढणारी अतिसंचयी झाडे येतील, तोवर थांबावे, असेही काही जण म्हणतात. संशोधन जरूर चालावे. पण अशी झाडे आली तरी काळ्या मातीची घट्ट पकड बदलणार नाही आणि आज पिकणारी पालक त्या झाडांसाठी थांबणार नाही.

या सगळ्याच्या आधी एक साधी गोष्ट करता येण्यासारखी आहे. २०१५ पासून मिळणाऱ्या मृदा आरोग्य पत्रिकेत १२ बाबी असतात: नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबे, मँगनीज, बोरॉन, सामू, क्षारता आणि सेंद्रिय कर्ब. शिसे, कॅडमियम, निकेल, क्रोमियम यांपैकी एकही नाही. जस्त आहे, पण ते कमी पडते का हे पाहण्यासाठी. म्हणजे बेबी कालव्यावरच्या शेतकऱ्याच्या हातात सरकारी शिक्क्याची पत्रिका आहे, पण त्याच्या पाण्यासोबत काय आले हे ती सांगत नाही. जस्त-लोह मोजण्यासाठी प्रयोगशाळेत जे अणुशोषण उपकरण वापरतात, त्यातच दिवा बदलला की शिसे, कॅडमियम, निकेल, क्रोमियम मोजता येते. जस्तासाठी मातीचा जो डीटीपीए अर्क काढतात, त्यातूनच शिसे, कॅडमियम आणि निकेलचा पिकाला उपलब्ध भाग कळतो. सहा संयुजेच्या क्रोमियमसाठी वेगळी चाचणी आणि जोडीला विहिरीचे पाणी तपासावे लागेल. नवी इमारत नको, नवे खाते नको. जिल्हा कृषी विभागाने मांजरीपासून यवतपर्यंतच्या, बेबी कालव्याखालच्या आणि उरुळी-फुरसुंगी डेपोभोवतीच्या गावांसाठी पुढच्या खरिपापूर्वी या चार धातूंचे रकाने पत्रिकेत वाढवावेत, आणि या गावांतल्या ग्रामसभांनी तसा ठराव आजच करून पाठवावा.